एकाच देही रोगी आणि वैद्य : डॉ. रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स

१९१६ च्या एप्रिल महिन्यात लोकमान्य टिळक आपल्या बेळगावात आले होते आणि होमरूल लीगची स्थापना त्यांनी येथेच केली, हे या सीमाभागातील मुलांना सांगावे लागत नाही. परंतु साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या लोकनायकाच्या देहात एक चिवट रोग अनेक वर्षे ठाण मांडून बसला होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी नसते. तो रोग म्हणजे मधुमेह. मंडालेच्या तुरुंगवासातही त्याने त्यांचा पिच्छा सोडला नव्हता. त्या काळी त्यावर गुणकारी असे औषध नव्हते. जिभेवर ताबा ठेवणे एवढाच उपाय होता, आणि तो लोकमान्यांनी निग्रहाने केला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबई येथे ते निवर्तले. त्याच १९२० साली लंडनमधील एका तरुण शस्त्रवैद्यास आपणांस मधुमेह झाला असल्याचे कळले. त्या तरुणाचे चरित्र आज तुम्हांस सांगावयाचे आहे.

या रोगास आपल्या भागात तीन भाषांत तीन नावे आहेत. मराठीत मधुमेह, कन्नडात सक्करे कायिले आणि आमच्या कोकणीत गोडेंमूत. तिन्ही नावांत गोडी आहे. त्यामुळे गोड खाण्यानेच हा रोग जडतो, अशी समजूत घरोघरी रूढ झाली आहे. लोकमान्यांचा मधुमेह प्रौढ वयात प्रकट झालेला आणि पथ्याने वर्षानुवर्षे आवरता आलेला होता. त्या तरुणाचा मधुमेह निराळ्या जातीचा होता. आज त्यास पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचे इंद्रिय असते. त्यातील पेशींचे काही लहान लहान पुंजके इन्शुलिन नावाचा स्राव निर्माण करतात. अन्नापासून झालेली साखर रक्तातून स्नायूंत शिरावयाची, तर हा स्राव लागतो. पहिल्या प्रकारात देहाची स्वतःची संरक्षक यंत्रणाच भ्रमिष्ट होऊन त्या पेशींवर तुटून पडते आणि त्यांचा नाश करते. मग रक्तात साखरेचा पूर आणि स्नायूंत मात्र दुष्काळ, अशी विपरीत अवस्था होते. पेढा किंवा कुंदा खाल्ल्याचे ते फळ नव्हे. हा रोग मुलांनाच होतो असेही नाही. भर तारुण्यात, किंबहुना पुढेही, तो अवचित गाठतो.

रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९२ रोजी स्कॉटलंडमधील ॲबर्डीन या शहरी झाला. वडिलांचा ब्रश तयार करण्याचा भरभराटीचा कारखाना होता. रॉबर्टची बुद्धी तीक्ष्ण. अठराव्या वर्षीच त्यांनी फ्रेंच व इंग्रजी हे विषय घेऊन एम. ए. ही पदवी मिळविली. पुढे थोर वैद्य झालेला हा पुरुष आरंभी कलाशाखेचा पदवीधर होता, ही गोष्ट मजसारख्या कलाशाखेच्या शिक्षकास थोडी सुखावून जाते, हे कबूल करावयास हरकत नाही. पदवीनंतर एका नातलगाच्या कापडाच्या व्यवसायात ग्लासगो येथे त्यांनी काही आठवडे काढले, पण गज आणि ताग्यांत त्यांचे मन रमेना. ते परत फिरले आणि वैद्यकीच्या अभ्यासास लागले. त्यातही पदके मिळविली; शिवाय हॉकी व टेनिस या खेळांत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले. १९१६ साली, म्हणजे लोकमान्य बेळगावात आले त्याच वर्षी, ते वैद्य झाले. पहिले महायुद्ध चालू होते. लष्कराच्या वैद्यकीय दलातून त्यांची रवानगी हिंदुस्थानच्या सरहद्दीवर झाली, आणि तेथे आमांशाने जर्जर होऊन १९१९ मध्ये त्यांस मायदेशी परतावे लागले.

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात ते कामास लागले. कान, नाक व घसा यांची शस्त्रक्रिया शिकण्याचा त्यांचा मानस होता. १९२० साली एके दिवशी मृत देहावर कानामागील हाडाच्या शस्त्रक्रियेचा सराव करीत असता छिन्नीखालचा हाडाचा एक कपचा उडाला आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात शिरला. डोळ्यात भयंकर दाह उत्पन्न झाला. उपचारासाठी त्यांस रुग्णालयात खाटेवर पडावे लागले. तेथे नेहमीच्या तपासण्या झाल्या, आणि मूत्रात साखर सापडली. एका कपच्याने एका डोळ्याची दृष्टी हिरावून घेतली आणि लपून राहिलेला दुसरा शत्रूही उघडा केला.

त्या काळी अशा तरुण रोग्याच्या हाती किती आयुष्य उरले आहे, याचा हिशेब वैद्यांना बहुधा मांडता येत असे. अमेरिकेतील डॉ. ॲलन यांनी एक उपवासपद्धती प्रचारात आणली होती. रोग्यास जेमतेम प्राण टिकतील इतकेच अन्न द्यावयाचे, म्हणजे साखर चढत नाही आणि मृत्यू थोडा लांबतो. रोगाने मरावयाचे की भुकेने झिजावयाचे, एवढीच निवड होती. लॉरेन्स यांना फार तर चार वर्षे मिळतील, असा अंदाज होता. एका डोळ्याने शस्त्रक्रिया करणे शक्य नव्हते. त्यांनी ती आशा सोडली आणि त्याच रुग्णालयाच्या रसायनशाळेत डॉ. हॅरिसन यांच्या हाताखाली काम स्वीकारले. उपाशीपोटी, अशक्त शरीराने, रक्त व मूत्र तपासण्याच्या रीती ते शिकले. त्यावर प्रबंध लिहून त्यांनी एम. डी. ही पदवीही मिळविली. पुढे याच विद्येने त्यांचा संसार तारला.

आपले झिजणे आप्तांनी डोळ्यांनी पाहू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. म्हणून ते इटलीतील फ्लॉरेन्स या सुंदर शहरी जाऊन राहिले व तेथे थोडीफार वैद्यकी करू लागले. मरण यावे ते परदेशी आणि शांतपणे यावे, एवढाच त्यात हेतू होता. १९२२ सालचा हिवाळा आला आणि त्यांच्या छातीस कफविकार जडला. आता पाहा, आहार तोच होता, पथ्यही तेच होते. तरी साखर अनावर वाढली आणि प्रकृती झपाट्याने ढासळली. याचे कारण आज आपणांस ठाऊक आहे. देहात जंतूंचा शिरकाव झाला म्हणजे त्यांच्याशी झुंजण्यासाठी शरीर काही विशेष स्राव सोडते, आणि ते स्राव यकृतातील साखर रक्तात ओततात, इन्शुलिनचा प्रभावही कमी करतात. साधे पडसे, पिकलेली दाढ, पायाची चिघळलेली जखम, यांपैकी काहीही मधुमेह्याची घडी विसकटून टाकते. आपल्याकडे ताप आला, अन्न जाईना, की आज इंजेक्शन नको असे घरची मंडळी म्हणतात. हे अत्यंत घातक आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यास तापात पुष्कळदा इन्शुलिन नेहमीपेक्षा अधिक लागते. ते मुळीच मिळाले नाही तर शरीर चरबी जाळू लागते, रक्त आम्ल बनते, श्वास खोल व जलद होतो, तोंडास पिकल्या फळासारखा वास येतो आणि अखेर शुद्ध हरपते.

लॉरेन्स त्या कड्याच्या टोकाशी पोहोचले होते. इकडे अटलांटिकच्या पलीकडे, कॅनडातील टोरांटो शहरी, १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून तो हरवलेला स्राव वेगळा करण्याचा यत्न आरंभिला होता. कॉलिप या रसायनज्ञाने तो शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलास तो प्रथम टोचण्यात आला आणि मरणपंथास लागलेले ते पोर उठून बसले. मे १९२३ मध्ये डॉ. हॅरिसन यांची तार फ्लॉरेन्सला येऊन थडकली. लंडनमध्ये इन्शुलिन आले आहे, ते खरोखर गुण देते, तरी विलंब न लावता निघून यावे, असा तिचा आशय होता. चालण्याचेही त्राण नसलेला हा रोगी युरोप ओलांडून २८ मे रोजी किंग्ज कॉलेज रुग्णालयात पोहोचला. तीन दिवसांनी, ३१ मे १९२३ रोजी, त्यांस इन्शुलिनची पहिली टोचणी मिळाली. दोन महिने ते रुग्णालयात राहिले. अंगावर मांस चढले, पायांत बळ आले, आणि बरे होताच त्याच रुग्णालयाच्या रसायनशाळेची जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्यात आली.

चरित्र येथे संपावयास हरकत नव्हती. पुष्कळ लेखकांनी ते येथेच संपविलेही असते. औषध सापडले, रोगी वाचला, गोष्ट गोड झाली. परंतु लॉरेन्स यांची खरी परीक्षा रुग्णालयाच्या दाराबाहेर होती. निरोगी माणसाचे स्वादुपिंड क्षणोक्षणी रक्तातील साखर पारखून हवा तेवढाच स्राव सोडते. टोचलेल्या इन्शुलिनला अशी पारख नसते. एकदा त्वचेखाली गेले की माणूस जेवला आहे की उपाशी, बसला आहे की धावतो आहे, याची विचारपूस न करता ते आपले काम करीत राहते. कमी पडले तर साखर चढते. अधिक झाले तर साखर उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते, आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर माणूस कोसळतो. या दोन कड्यांमधील पायवाट रोज नव्याने चालावयाची, आणि तीही आयुष्यभर. वैद्य काही चोवीस तास रोग्याच्या उशाशी बसू शकत नाही. तेव्हा रोग्यानेच आपला वैद्य झाले पाहिजे, हे लॉरेन्स यांनी ओळखले. कारण त्यांच्या ठायी दोघेही एकत्र नांदत होते.

पहिला प्रश्न अन्नाचा. प्रत्येक घास तराजूत तोलून किचकट कोष्टके पाहत बसणे सामान्य संसारी माणसास झेपणारे नव्हते. लॉरेन्स यांनी एक सुटसुटीत रीत काढली. ज्यात पिष्ट व शर्करा आहेत अशा पदार्थांचे काळे भाग पाडले. प्रत्येक काळ्या भागात पिष्टशर्करा १० ग्रॅम. प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे तांबडे भाग पाडले. एक काळा व एक तांबडा मिळून एक ओळ. वैद्याने सांगावयाचे की न्याहारीला इतक्या ओळी, दुपारी इतक्या; मग त्या ओळीत पाव घ्यावयाचा की बटाटा, हे रोग्याच्या आवडीवर. आपल्या भाषेत बोलावयाचे तर, १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम पिष्ट असते. म्हणजे तेवढ्या पिठाच्या भाकरीत सात काळे भाग झाले. भाकरी वर्ज्य नव्हे, ती मोजून घ्यावयाची एवढेच. आजही पहिल्या प्रकारच्या रोग्यांना शिकविली जाणारी पिष्टगणना याच वाटेने आलेली आहे. फरक इतकाच की आता जेवणाच्या मापाप्रमाणे इन्शुलिनही कमीअधिक करता येते.

दुसरा प्रश्न श्रमाचा. लॉरेन्स स्वतः खेळाडू होते, त्यामुळे याकडे त्यांचे लक्ष गेले असावे असे मला वाटते. १९२६ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध करून दाखवून दिले की, इन्शुलिन टोचल्यावर व्यायाम केला तर त्याचा प्रभाव वाढतो व साखर अधिक वेगाने उतरते. काम करणारा स्नायू साखर ओढून घेतो, आणि ही ओढ खेळ संपल्यावरही काही तास टिकते. संध्याकाळी कबड्डी खेळलेल्या मुलाची साखर मध्यरात्री उतरू शकते, ती यामुळेच. याचा अर्थ खेळू नये असा नाही. खेळण्यापूर्वी साखर पाहावी, थोडे खाऊन घ्यावे अथवा वैद्याच्या सल्ल्याने इन्शुलिन कमी करावे, आणि खिशात साखर बाळगावी. मधुमेही मुलास क्रीडादिनी सावलीत बसवून ठेवण्याची चूक आम्ही शिक्षक मंडळी काळजीपोटी अजूनही करतो. तिने त्या मुलाचे कल्याण होत नाही.

तिसरा प्रश्न मोजण्याचा, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ते तुमच्या प्रयोगशाळेत करून पाहता येते. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात साखर असलेल्या द्रवाचे काही थेंब टाकून उकळले म्हणजे निळा रंग पालटतो. साखर थोडी तर हिरवा, मग पिवळा, नारिंगी, आणि फार झाली तर विटेसारखा तांबडा. मधुमेह्यांच्या कित्येक पिढ्यांनी स्पिरिटचा दिवा व परीक्षानळी घेऊन घरच्या घरी आपले मूत्र असे तपासले. परंतु ही वाट आडवळणाची आहे. रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज ती मूत्रात उतरत नाही. आणि उतरते ती काही तासांपूर्वीची बातमी घेऊन. शिवाय साखर धोक्याइतकी खाली गेली असता नळीतील रंग निळाच राहतो, जणू सर्व कुशल आहे! आता बोटाच्या टोकाच्या एका थेंबावरून काही सेकंदांत रक्तातील साखर कळते. त्वचेवर चिकटविलेली, अहोरात्र साखर सांगत राहणारी साधनेही निघाली आहेत. आणि मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणीही आहे. लॉरेन्स यांच्या पिढीपाशी यांतले काही नव्हते. त्यांच्यापाशी रंग होते, वही होती आणि शिस्त होती.

यांशिवाय लहानसहान गोष्टी कितीतरी. वारंवार एकाच जागी टोचले तर तेथे गाठी धरतात व औषध अनियमितपणे रक्तात मिसळते, म्हणून जागा पालटावी लागते. निपाणीच्या बाजूस वैशाखात उष्मा होतो तेव्हा न उघडलेले इन्शुलिन शीतकपाटात ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात नको, कारण गोठल्यावर ते निकामी होते. परीक्षेची धास्ती, घरातील कलह, अपुरी झोप यांनीही साखरेचा तोल जातो. आणि पैशाचा प्रश्न तर कोणत्याच कोष्टकात बसत नाही. औषध परवडत नाही म्हणून मात्रा चुकविणारा माणूस आपल्याही भागात आहे, आणि त्यास पथ्याचा उपदेश करून भागत नाही.

ही सगळी विद्या लॉरेन्स यांनी ग्रंथरूपाने मांडली. १९२५ साली द डायबेटिक लाइफ आणि १९२९ साली द डायबेटिक एबीसी ही पुस्तके निघाली. रोगी व वैद्य या दोघांसही कळेल अशा सोप्या भाषेत ती लिहिलेली असल्यामुळे त्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. इंग्रजी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाची लेखणी येथे उपयोगी पडली असेल, यात मला तरी शंका वाटत नाही. १९२८ साली त्यांनी विवाह केला आणि तीन पुत्रांचे ते पिता झाले. ज्यास आठ वर्षांपूर्वी उद्याची खात्री नव्हती, त्याने संसार मांडला!

त्यांच्या रोग्यांत एक जगप्रसिद्ध कादंबरीकार होता. अदृश्य माणसाची व मंगळावरून आलेल्या स्वारीची कथा लिहिणारे एच. जी. वेल्स यांना उतारवयात मधुमेह झाला होता. १९३४ साली लॉरेन्स व वेल्स यांनी मिळून मधुमेह्यांची एक संस्था स्थापन केली. तिचे नावीन्य असे की, तीत रोगी व वैद्य एका पंक्तीस बसले. मधुमेह्यास काम करता येते, शिकता येते, संसार करता येतो, हे समाजास पटवून देणे आणि गरजूंस साहाय्य करणे हे तिचे कार्य. तोवर हा रोग लपविण्याची चाल होती. ती आपल्याकडे, विशेषतः मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात, अजून मोडलेली नाही. मधुमेही स्त्रियांचे बाळंतपण सुखरूप व्हावे यासाठीही लॉरेन्स यांनी पुष्कळ परिश्रम घेतले, हे या संदर्भात मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

१९५० साली निरनिराळ्या देशांतील मधुमेह-संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला व त्याचे पहिले अध्यक्षपद लॉरेन्स यांच्याकडे आले. त्यानंतरच्या वर्षी, १९५१ मध्ये, बॉर्नस्टाइन या सहकाऱ्यासह त्यांनी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. काही मधुमेह्यांच्या रक्तात इन्शुलिन सापडतच नाही, तर काहींच्या रक्तात ते असूनही रोग होतो, असे त्यांनी रक्त तपासून दाखविले. आरंभी मी लोकमान्यांचा व लॉरेन्स यांचा मधुमेह निराळ्या जातीचा म्हटले, तो भेद स्पष्ट होण्यास या निबंधाचे मोठे साहाय्य झाले.

२७ ऑगस्ट १९६८ रोजी लंडन येथे डॉ. लॉरेन्स यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय ७५ वर्षांचे होते, आणि पहिल्या टोचणीस ४५ वर्षे होऊन गेली होती. त्यांनी व वेल्स यांनी स्थापिलेली संस्था आजही इंग्लंडात कार्य करीत आहे. मधुमेहासह साठ वर्षे जगलेल्या माणसास ती एक पदक देते. त्या पदकास रॉबर्ट लॉरेन्स यांचे नाव आहे.